ट्रंकेतलं कापड आणि एक वाकळ : प्रकल्प नोंदी

10 एप्रिल 2024

काल पाडवा झाला. संध्याकाळी गुढी उतरवली, तिचा खण घडी करून ट्रंकेत ठेवायला गेले तर झाकण बसेना. वर गुडघा टेकवला तरी कडी लागेना. गेली काही वर्षं हेच चाललंय. वरच्या दोन थरांत सरकवासरकव करून जागा करायची आणि झाकण लावून टाकायचं. खाली काय आहे ते मला धड माहीतही नाही.

आमचं घर सांगलीत, गावभागात. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं आणि ही ट्रंक कित्येक दिवस त्यात बुडून होती. पाणी ओसरल्यावर कापडं गच्चीवर पसरली, वाळली तशी गोळा केली, मिळेल त्या पिशवीत कोंबली आणि वरच्या खोलीत नेऊन टाकली. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा त्या पिशव्यांवर आणखी पिशव्या चढल्या. नंतर तिकडे हात लावायला मन धजावलं नाही.

आता धजावायचं. मृग निघायच्या आत सगळं कापड बाहेर काढायचं, निवडायचं, धुवायचं, जागेवर लावायचं आणि त्यातून घराला लागेल ते शिवायचं: उशांचे अभ्रे, पायपुसणी, पिशव्या आणि एक वाकळ, म्हणजे गोधडी. रोज काय केलं ते इथे लिहीत जाईन.

12 एप्रिल

सगळं बाहेर निघालं. वरच्या खोलीची फरशी दिसेनाशी झाली. आत्याबाईंना (माझ्या सासूबाई, वय 82) दाराशी खुर्ची दिली. मी एकेक कापड उचलून दाखवायचं आणि त्यांनी ते कोणाचं, कधीचं हे सांगायचं, असा दिवस गेला.

मोजदाद अशी: नऊवारी लुगडी 7, त्यांतली 4 इरकली. धोतरं 5. सोलापुरी चादरी 3, मधोमध झिजलेल्या. खण 9. आहेरात आलेले पँटपीस 14, शर्टपीस 11, टॉवेल 22. जुने पडदे, शाळेचे गणवेश, शिंप्याकडून आलेल्या चिंध्यांची दोन गाठोडी. आणि ब्लाउजपीस 143.

हा 143 चा आकडा मी दोनदा मोजला. ओटीत आलेले, हळदीकुंकवाला आलेले, बारशाला, डोहाळजेवणाला, लग्नांतल्या मानपानात आलेले. प्रत्येक घरात हा गठ्ठा असतो आणि तो एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतो. काही पिसांवर अजून हळदीकुंकवाचं बोट आहे. चारदोन तर मीच कोणाला तरी दिलेले आणि फिरून माझ्याकडेच आलेले, कोपऱ्यावरच्या माझ्या अक्षरावरून ओळखू आले.

14 एप्रिल, रविवार

रंगावर लावलं. लाल एका खोक्यात, हिरवं दुसऱ्यात, निळं, पिवळं, पांढरं. कपाटाचे तीन कप्पे भरले. दिसायला फारच छान. धाकट्या बहिणीला फोटो पाठवला, तिचा लगेच फोन आला.

18 एप्रिल

रंगावर लावणं चुकलं.

भाजीची पिशवी शिवायला लाल खोक्यातून दोन तुकडे घेतले. एक जाड, एक मऊ, रंग जुळता. जाड तुकड्याची पिशवी केली आणि मऊ तुकड्याचे बंद. आज मंडईत दोन किलो कांदे घेतले आणि बंद मधोमध फाटला. शिवण उसवली नव्हती, कापडच गेलं होतं. घरी येऊन उजेडात धरून पाहिलं तर त्या तुकड्याचे आडवे धागे जागोजाग निसटलेले.

आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी तो बंद दोन्ही अंगठ्यांत धरून नुसता ओढला, तो चर्रकन गेला. म्हणाल्या, "आगं, ह्यात जीव कुठाय? रंग बघून कापड लावत्यात व्हय? आधी जीव बघायचा."

कापडात जीव असणं हे त्यांच्या तोंडून वीस वर्षं ऐकतेय. ते बोलणं मी नुसतं ऐकलं होतं, कामाला कधी लावलं नव्हतं. आज सगळी खोकी परत फरशीवर ओतली.

21 एप्रिल, रविवार

आजचा दिवस जीव बघण्यात गेला आणि तो या कामातला सगळ्यात मोलाचा दिवस ठरला, म्हणून सविस्तर लिहिते.

परीक्षा तीन. पहिली, कापड खिडकीसमोर धरायचं. विरलेली जागा लगेच कळते, तिथून उजेड जास्त येतो. दुसरी, दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड आधी उभ्या धाग्याच्या अंगाने ओढायचं, मग आडव्या. जोर बेताचा, भाकरी मोडायला लागतो तेवढा. जीव असलेलं कापड ताणतं आणि परत येतं. जीव गेलेलं बारीक आवाज करतं, फाटायच्या आधीच. तिसरी, घडीची जागा बघायची. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडलेलं कापड बाकी धड असलं तरी घडीच्या रेषेवर तुटतं. रेशमात हे फार होतं. दोन खणांची घडी उलगडताना चौकोनी तुकडेच हातात आले.

पुराच्या पाण्याने आणखी एक केलंय. ट्रंक लोखंडी. जिथे गंज कापडाला लागला तिथला डाग जात तर नाहीच, पण गंज तिथला धागाही खातो. डागावर बोट दाबलं की भोक. बुरशीचे काळे ठिपके मात्र दिसतात तेवढे वाईट नाहीत. ठिपका राहतो, पण ज्या कापडांवर बुरशी थोडीच होती त्यांचा धागा बऱ्यापैकी टिकलाय. ठिपक्यांना घाबरून मी ज्याला टाकाऊ म्हणत होते त्यातलं निम्मं अधिक कामाचं निघालं.

लुगड्यांचा जीव सगळीकडे सारखा नसतो हेही आत्याबाईंनी दाखवलं. नऊवारी आधी विरतं ते कासोट्याच्या जागी, मग बसायच्या जागी. पदर आणि आतलं टोक वर्षानुवर्षं धड राहतं. म्हणून अख्ख्या लुगड्याला एक निकाल लावायचा नाही, हातभर हातभर तपासत जायचं आणि विरलेल्या भागाशी खडूने खूण करायची.

याच कामात दंड घातलेलं लुगडं निघालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: लुगडं मधे विरलं की तो भाग कापून काढायचे आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवायचे, कधी दोन वेगळ्या लुगड्यांची धड टोकं जोडायचे. त्या जोडाला दंड म्हणतात. या लुगड्याचा दंड हातशिवणीचा, दोन्ही कडा आत दुमडलेल्या, टाके इतके बारीक की मला भिंगाशिवाय मोजता येईनात. "बहात्तरच्या दुष्काळात घातलाय," आत्याबाई म्हणाल्या. "नवं कुठनं घेणार?" त्या हे फक्त माहिती म्हणून सांगत होत्या. मी मात्र ती शिवण बराच वेळ बोटांनी चाचपत बसले. लुगडं दंडाच्या दोन्ही बाजूंना विरलंय आणि दंड अजून पक्का आहे.

संध्याकाळी तीन ढीग झाले. पहिला, *जिवाचं*: ताण सोसेल ते सगळं. दुसरा, *बेताचं*: अंगावर, उशीवर चालेल, ओझं उचलणार नाही. तिसरा, *जुनेर*: एकटं टिकणार नाही, दुसऱ्याच्या आत घालायचं. त्याखालचं, म्हणजे ओढताच गेलेलं, गाडी पुसायला.

23 एप्रिल

ब्लाउजपिसांची जाळून परीक्षा. गच्चीत पत्र्याचा डबा, बाजूला पाण्याची बादली, हातात चिमटा. प्रत्येक पिसाच्या कडेचे चार धागे काढून पेटवायचे. सुती धागा कागदासारखा भुरकन जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि काळा टणक मणी होऊन बसतं. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. मिश्र धाग्याची राखही उरते आणि तिच्यात बारीक खडेही लागतात.

143 पैकी निखळ सुती 58. उरलेले 85 पॉलिस्टरचे किंवा मिश्र. हाताला 'टू बाय टू'सारखे सुती लागणारे कितीतरी पीस या 85 मध्ये गेले. नुसत्या स्पर्शावर विसंबले असते तर उन्हाळ्यात घाम न टिपणारे अभ्रे झाले असते.

इरकलींच्या पदरांचे धागेही तपासले. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचं हे लुगडं, आपल्याकडे त्याला इरकलच म्हणतात. अंग सुती आणि पदर रेशमी, ही त्याची जुनी रीत. अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळा लावून मागावरच एकमेकांत फासे गुंतवून जोडतात, त्याला टोप-तेणी म्हणतात. चारांपैकी दोन पदर केसाच्या वासाचे निघाले, म्हणजे खरं रेशीम. दोन कागदासारखे जळले, ते आर्टसिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम. चारही सुंदर आहेत. पण धुवायची तऱ्हा आता वेगळी ठेवावी लागेल, ते कळलं.

28 एप्रिल

आठवडाभर नुसतं धुणं. नव्या सुती कापडाला खळ असते, ती जाईपर्यंत रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं. एक कोरा पीस भिजवायच्या आधी मोजला: 39 इंच लांब. वाळून इस्त्री झाल्यावर साडेसदतीस. दीड इंच आटला. न भिजवता अभ्रा शिवला असता तर पहिल्याच धुण्यात उशीवर आवळून बसला असता.

रंगासाठी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळून बघितला. लाल आणि गर्द जांभळे सर्वांत बेभरवशाचे. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, मीही तसंच करत आलेय. या वेळी एकाच लाल पिसाचे दोन तुकडे करून एक मिठात आणि एक साध्या पाण्यात ठेवला. दोघांचा रंग सारखाच गेला. यापुढे रंग सोडणारं कापड पाणी निर्मळ येईपर्यंत धुवायचं आणि तरीही पांढऱ्याशेजारी शिवायचं नाही.

1 मे

पायमशीन साफ केलं. शटलच्या घरात पाच वर्षांची लव होती. चामडी पट्टा सैल पडला होता, अर्धा इंच कापून पुन्हा जोडला. तेल पाजलं, जुन्या चिंधीवर दोन तास रिकामी शिलाई मारली, तेव्हा कुठे तेलाचे डाग यायचे थांबले.

4 मे

अभ्रे. माझी उशी 17 बाय 27 इंचांची, अभ्रा 18 बाय 28 चा. मागे झाकण ठेवायचं म्हणजे बटण लागत नाही.

पहिला अभ्रा बिघडला. मी एका पिसात एक अभ्रा बसवायला गेले. समोरचा तुकडा 29 बाय 19 चा कापल्यावर उरलेल्या कापडात मागची बाजू जेमतेम झाली, झाकण दोनच इंचांचं राहिलं. रात्रीतून उशी बाहेर डोकावली. शेवटी हिशेब पुन्हा मांडला. मागचे दोन तुकडे, झाकणाचे 6 इंच, दोन दुमडींचे 2 इंच, म्हणजे मागच्या बाजूला एकूण 37 इंच लांबी हवी. ती एका पिसात होत नाही. म्हणून दोन पीस मिळून एक अभ्रा: पहिल्या पिसातून समोरची बाजू आणि मागची लहान पट्टी, दुसऱ्यातून मागची मोठी पट्टी. त्यामुळे प्रत्येक अभ्र्यात दोन रंग आपसूक आले आणि ते मला एकरंगीपेक्षा आवडले.

58 सुती पिसांतून 24 पीस घेतले, 12 अभ्रे. *बेताचं* या ढिगातलं कापड इथे अगदी योग्य बसतं. डोक्याखाली ओझं नसतं, घासणं असतं, आणि मऊपणा हवा असतो.

पँटपीस *जिवाचं* मध्ये. त्यांच्या पिशव्या. बंद दुहेरी, टोकाला चौकोन शिवून त्यात फुली मारायची. इथे 16 नंबरची सुई लावली, 14 ची पहिल्याच बंदाला मोडली.

7 मे

आज मतदान. सकाळी सातलाच आत्याबाईंना घेऊन गेले, ऊन चढायच्या आत परत. दुपारी त्या म्हणाल्या, "वाकळंचं काय झालं? बोटाची शाई वाळली की अंथर."

वाकळीसाठी लुगड्यांचा हिशेब केला. नऊवारी म्हणजे नऊ वार, 27 फूट. सात-सात फुटांचे तीन तुकडे पडतात आणि वर सहा फूट उरतात. आमच्या इरकलीचा पन्हा, म्हणजे रुंदी, 46 इंच. वाकळ 5 फूट रुंद, 7 फूट लांब करायची. मग पहिला तुकडा अख्खा वरच्या बाजूला, तिसरा अख्खा खालच्या बाजूला. दुसऱ्याच्या उभ्या पट्ट्या करायच्या: 15 इंचांची एक वरच्या तुकड्याला जोडायची, 15 ची दुसरी खालच्याला. उरतात 16 इंच. त्यात चार-चार इंचांच्या चार पट्ट्या, प्रत्येकी 7 फूट. वाकळीचा घेर 24 फूट आणि पट्ट्या भरतात 28 फूट, म्हणजे चारी बाजूंचा गोटही त्यातच निघतो. एका लुगड्यात वाकळीचं बाहेरचं सगळं अंग. उरलेल्या सहा फुटांत पदर. टोप-तेणीच्या जोडावर कात्री चालवायची नाही असं मी आधीच ठरवलं होतं, आणि हिशेबानेही ती वेळ येत नाही.

हा हिशेब मी कागदावर केला. आत्याबाईंनी तोच हाताच्या वितींनी केला आणि माझ्या आधी सांगितला.

8 मे

अंथरली. खाली आणि वर *जिवाचं*, म्हणजे इरकल. मधे तीन थर *जुनेर*: विरलेली दोन पातळं आणि मामंजींची धोतरं. धोतरं इचलकरंजीची. 1904 मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसला आणि पुढे ते सबंध गावच मागांचं झालं. इथून तासाभराच्या वाटेवर असल्याने आमच्या भागातल्या बहुतेक घरांत तिथलंच धोतर.

माझ्या मनात उलटं होतं. जुनं दिसायला सुंदर, ते वर घ्यावं, भक्कम ते आत. आत्याबाईंनी एका वाक्यात निकाल लावला: "मधी जुनेर घालावं, ते मऊ पडतं. वरलं झिजाय नको." झिजतं ते बाहेरचं. आतल्या थरांना ओढ लागत नाही, त्यांच्या चारी बाजूंना टाके असतात, म्हणून एकटं न टिकणारं कापड तिथे अनेक वर्षं टिकतं.

दंडाचं लुगडं मधे घालायचं मीच सुचवलं. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घाल. पर दंड वर दिसू दे." मधल्या थरातलं कापड वर कसं दिसणार? शेवटी वरच्या तुकड्याला जी 15 इंचांची पट्टी जोडायची होती ती इरकलीऐवजी दंडाच्या लुगड्यातून काढली, दंड बरोबर मधोमध येईल अशी. पट्टी विरलेली असल्याने तिच्या खाली धोतराचं अस्तर घातलं. त्यामुळे वाकळीच्या उजव्या बाजूला, डोक्यापासून अडीच हातांवर, तो जोड दिसतो.

पाचही थर फरशीवर ताणून, कडांना पाट आणि वरवंटा ठेवून वीत-वीतभर अंतराने कच्चे टाके घातले. याला दोन माणसं हवीतच. हे ऑफिसातून लवकर आले होते, त्यांनी दुसरं टोक धरलं.

12 मे

धावदोरा सुरू. कडेपासून आत, चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे. दोन ओळींत एका बोटाचं अंतर, माझं बोट पाऊण इंचाचं. त्या अंतराने अख्खी वाकळ भरायची तर एकूण 560 फूट टाके पडतात. आज घड्याळ लावून पाहिलं: तासाला 12 फूट. म्हणजे 47 तासांचं काम. हे आकडे आधी माहीत असते तरी मी काम हाती घेतलंच असतं. पण रोज किती बसायचं ते आता ठरवता येतं.

दोरा दुपदरी सुती. मशीनचा पॉलिस्टर दोरा भक्कम असतो, पण जुन्या सुती कापडाला तो काचतो आणि शेवटी दोरा राहतो, कापड कापलं जातं. दोऱ्याचा जीव कापडाच्या जिवापेक्षा थोडा कमीच असावा. टाका तुटला तर पुन्हा घालता येतो.

16 मे

दुपारी चारला वळीव. गच्चीतल्या दोरीवर तिन्ही सोलापुरी चादरी. मी आणि शेजारच्या मावशी धावलो. दोन वाचल्या, एक भिजली. भिजलेली चांगली झाली म्हणायची, ओली असताना तिची झिजलेली जागा नेमकी दिसली. मधला हातभर भाग काढून दोन्ही टोकं जोडली, लहान मुलाच्या अंथरुणाएवढी चादर झाली. म्हणजे मीही दंडच घातला. माझे टाके आत्याबाईंच्या टाक्यांच्या दुप्पट मोठे आहेत.

25 मे

मावशी आता रोज दुपारी येतात. एका बाजूने त्या, एका बाजूने मी. त्या टाका घालताना कापड वर उचलत नाहीत, सुई खाली-वर न करता कापडच सुईवर चढवतात, चार टाके एकदम. मला अजून दोनच जमतात. दोघींचा मिळून वेग तासाला 30 फूट.

माझ्या आणि त्यांच्या टाक्यांत फरक दिसतो. उसवून सारखे करावेत असं मला एकदा वाटलं. पण वाकळी अशाच होतात, बायांनी मिळून. ज्याला वाचता येतं त्याला कोण कुठे बसलं होतं ते टाक्यांवरून कळतं. तसंच ठेवलं.

2 जून

कपाट लावलं. हे काम दोन तासांत झालं. आधीचे तीन दिवस रंगांवर घालवले होते त्याच्या तुलनेत काहीच नाही.

सर्वांत खाली काही नाही, तो कप्पा रिकामा. पुराची सवय. त्यावर *जिवाचं*, मग *बेताचं*, सर्वांत वर *जुनेर*, कारण ते हलकं. कप्प्यांत आडवी थप्पी न घालता घड्या उभ्या ठेवल्या, त्यामुळे खालचं काढताना वरचं कोसळत नाही आणि एका नजरेत सगळं दिसतं. प्रत्येक घडीला कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधली: धागा कोणता, पन्हा किती, लांबी किती, भिजवलंय की नाही. टाचणी लावली नाही, ती गंजते. खण आणि रेशमी पदर धुतलेल्या मलमलीत गुंडाळले, घडी दर सहा महिन्यांनी बदलायची. डांबरगोळ्या त्यांच्याजवळ नकोत, जर काळी पडते असं आत्याबाई सांगतात. कसरीसाठी सुकवलेला कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाच्या पुरचुंड्या.

लोखंडी ट्रंक आता भांड्यांसाठी.

राहिला प्रश्न 85 पॉलिस्टर पिसांचा. याचं मला मनापासून वाईट वाटतं. इतकं कापड माणसं एकमेकींना मानाने देतात आणि त्यातलं बरंचसं अंगाला लागूच शकत नाही. आम्ही 30 पिसांच्या भाजीसाठी हलक्या पिशव्या शिवल्या, 20 पिसांची गॅस, मिक्सर आणि मशीनवर घालायची झाकणं. 35 शिल्लक आहेत.

9 जून

पाऊस लागला. पाणी अजून पात्रातच. खोलीत ओल येऊ नये म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. वाकळीच्या मध्यावर साधारण ताटाएवढी जागा राहिलीय.

15 जून

वाकळ झाली. दोघींचे मिळून 27 तास, माझे एकटीचे त्याआधीचे 14. दोऱ्याची शेवटची रीळ अपुरी पडली म्हणून भर पावसात कापड पेठेत जाऊन आले. नवा दोरा किंचित पिवळसर मिळाला, मध्यावरच्या शेवटच्या ओळी त्याच्या आहेत. गोट आधीच लावून झाला होता. चारही कोपऱ्यांवर फाटलेल्या खणांचे त्रिकोण लावले, घडीवर तुटलेले ते चौकोनी तुकडे अखेर उपयोगी आले.

आत्याबाईंनी वाकळ मांडीवर घेतली, उजव्या बाजूला चाचपत गेल्या आणि दंडावर बोट ठेवून थांबल्या. मग दोन्ही हातांनी वाकळ ओढून बघितली, उभी आणि आडवी. "आहे," म्हणाल्या.

रात्री पाऊस होता. त्यांनी ती पांघरली.

21 जून

वटपौर्णिमा. ओटीसाठी या वेळी सुती पिसांतले पाच निवडले, धुतलेले, इस्त्री केलेले, चिठ्ठीसकट. भिजवलेला पीस ओटीत द्यायचा का, यावर आत्याबाईंशी बोलणं झालं. कोरंच द्यावं अशी रीत, त्यामुळे त्यांना ते पटेना. मग तडजोड झाली: देताना कोरेच पाच द्यायचे, पण जाळून पाहिलेले, निखळ सुती. चिठ्ठीवर 'सुती' एवढंच लिहिलं. मावशींनी तिथल्या तिथे चिठ्ठी वाचली आणि अभ्र्याला दुसरा असाच मिळेल का म्हणून विचारलं. त्यांना जोड दिली.

माझ्या ओटीत चार पीस आले. घरी आल्या आल्या कडेचे धागे काढून जाळून पाहिले: दोन सुती, दोन मिश्र. चारही वेगवेगळ्या भांड्यांत भिजत घातलेत. लाल असलेल्याचं पाणी आत्ताच गुलाबी झालंय.